साबणदाणीतलं बटण

चारुदत्त फणसळकर हे नाव रत्नागिरीत फारसं कुणाला ठाऊक नाही, आणि ज्यांना ठाऊक आहे त्यांच्या तोंडी ते 'लॅबवाले फणसळकर' असंच असतं. एका ज्युनिअर कॉलेजच्या फिजिक्सच्या प्रयोगशाळेत तो एकतीस वर्षं सहायक आहे. बारावीच्या मुलांसाठी टेबलावर बॅटऱ्या, तारा, मीटर मांडायचे, मुलं गेली की तेच सगळं गोळा करून कपाटात ठेवायचं, आणि मधल्या वेळात कुणी मीटर जाळत नाही ना एवढं बघायचं, ही त्याची नोकरी. आपलं आयुष्य दुसऱ्यांचे प्रयोग मांडण्यात गेलं असं तो कधीकधी म्हणतो, पण त्यात तक्रारीचा सूर नसतो. भाजीत मीठ जरा कमी आहे असं म्हणावं, तसं म्हणतो.

त्याला राग येतो तो फक्त खोट्या आकड्यांचा. मुलं मागच्या वर्षीच्या जर्नलातून आकडे उतरवतात आणि आलेखावरचे सगळे ठिपके कवायतीला उभे केल्यासारखे एका रेषेत आणतात. चारुदत्त ते चार हातांवरून ओळखतो. "खरं रीडिंग थोडं वाकडंच येतं, बाबांनो," तो म्हणतो. "इतकं सरळ आलंय म्हणजे ते या टेबलावर आलेलं नाही." मुलं हसतात. सर सही करून मोकळे होतात. सहीचा अधिकार चारुदत्तचा नाही, आणि नसलेल्या अधिकाराची हौस असलेल्या माणसांपैकी तो नाही.

त्याचं खरं राज्य घरी. नाचणे रोडला दुसऱ्या मजल्यावर ब्लॉक आहे, त्याच्या गॅलरीत एक टेबल आहे, आणि त्या टेबलावर सोल्डरिंगचा वास कायमचा मुरलेला आहे. बिल्डिंगची पाण्याची टाकी भरली की ओरडणारं यंत्र त्याचंच. कढीलिंबाच्या कुंडीतली माती सुकली की लागणारा लाल दिवाही त्याचाच. बायकोसाठी, म्हणजे सावनीसाठी, त्याने कुकरच्या शिट्ट्या मोजणारं यंत्र केलं होतं. तिने ते दोन दिवस वापरलं आणि तिसऱ्या दिवशी त्याच्या हातात परत दिलं. "अहो, मला तीनपर्यंत मोजता येतं," ती म्हणाली. जे दुकानात आयतं मिळतं ते हा माणूस चार रविवार खपून का करतो, हे तिला पंचवीस वर्षांत कळलेलं नाही. पण तो गॅलरीत असला की घरात कटकट नसते, हे तिला पहिल्याच वर्षी कळलं होतं.

टीव्हीवर सिनेमाचा नायक घामाघूम होऊन बॉम्बची लाल वायर कापू की निळी, असा घोळ घालू लागला की चारुदत्त उठून पाणी प्यायला जातो. "ज्याने केला त्याच्याकडे त्या दिवशी जी वायर शिल्लक असेल ती त्याने लावली असेल. रंगाचं काय घेऊन बसलात!" त्याच्या स्वतःच्या सगळ्या सर्किटांत पिवळी वायर असते, कारण कॉलेजातून बाद झालेलं पिवळ्या वायरचं अख्खं भेंडोळं त्याने साहेबांना विचारून घरी आणलं होतं. त्याचं म्हणणं असं, की वस्तू बिघडते ती अशा नाट्यमय जागी नाहीच. ती बिघडते ती आपण 'इथे काय बिघडायचंय' म्हणून सोडून दिलेल्या जागी.

असा हा माणूस गेल्या दसऱ्यापासून त्या टेबलाकडे फिरकला नव्हता. टेबलाच्या खणात एक गुलाबी प्लास्टिकची साबणदाणी होती. तिच्या झाकणावर दाराच्या बेलचं पांढरं बटण बसवलेलं होतं. तो खण उघडायचा म्हटलं की त्याचे हात जड होत. आणि तो उघडावा म्हणून एक बाई वाट बघत बसली होती.

साबणदाणी कमलाताईची. कमलाताई म्हणजे चारुदत्तची थोरली बहीण, त्याच्याहून अकरा वर्षांनी मोठी. तो नऊ वर्षांचा असताना आई गेली. तेव्हापासून त्याचं न्हाणं, जेवण, अभ्यास सगळं ताईने केलं. पुढे ती प्राथमिक शिक्षिका झाली आणि पहिली बारा वर्षं मंडणगडच्या डोंगरातल्या शाळांवर काढलीन. लग्न केलं नाहीन. का केलं नाहीन, हे विचारण्याची हिंमत घरात कुणाला झाली नाही. चारुदत्तने आयुष्यात पहिल्यांदा उघडून बघितलेली वस्तू म्हणजे ताईचा टॉर्च. पहाटेच्या एस्टीला चालत जाण्यासाठी तिने तो घेतला होता. त्याने तो उघडला, पण उघडला तसा काही मिटला नाही. ताई चार दिवस ठेचकाळत एस्टी गाठत राहिली, पण ओरडली नाही. पाचव्या दिवशी टॉर्च लागला तेव्हा मात्र म्हणाली, "मेल्या, आता दुसरं काहीतरी उघड."

निवृत्तीनंतर ताईने पावसच्या रस्त्यावरच्या एका वाडीत तीन खोल्यांचं घर बांधलं आणि एकटी राहू लागली. शेजारी चाळीस पावलांवर दमयंती वहिनींचं घर. वहिनींचे यजमान बोटीवर होते, ते वारून आठ वर्षं झाली. मुलगा आखातात. एकीने जन्मभर शाळेत शिस्त लावलेली, दुसरीने जन्मभर मासळी सुकवलेली. एक मासळीचा वास आला तर नाकाला पदर लावणारी, दुसरी वरण-भाताला आजाऱ्याचं जेवण म्हणणारी. पण दोघींचं गूळपीठ असं जमलं की वाडीत त्यांना 'जोडगोळी' म्हणत. चार वाजता टीव्हीवर आदल्या रात्रीची मालिका परत दाखवतात. ती बघायला वहिनी ताईकडे येत. दोघी चहा पीत पीत त्या मालिकेतल्या सासूला अशा शिव्या घालत, की त्या सासूला मुंबईत उचकी लागत असावी.

मागच्या एप्रिलमध्ये ताई परसात चक्कर येऊन पडली आणि दीड तास तशीच पडून राहिली. रत्नागिरीत डॉक्टरांनी तपासून सांगितलं, हृदय थकलंय, एकटं ठेवू नका. चारुदत्त म्हणाला, माझ्याकडे चल. "तुझ्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या पेटीत? मी नाही येत हो," ताई म्हणाली. मोबाइल जवळ बाळगशील का, तर म्हणाली, "बाळगत्ये." तो ती फडताळात डाळींच्या डब्यांमागे बाळगत असे.

मग चारुदत्तने मे महिन्याची सगळी सुट्टी घालवून ते बटण केलं. साबणदाणीत एक छोटी चिप, एक सेल आणि रेडिओचा इवलासा तुकडा. ती पदराला अडकवायची. बटण दाबलं की चाळीस पावलांवर वहिनींच्या स्वयंपाकघरात, भिंतीला लावलेल्या दुसऱ्या डब्यात भोंगा वाजायचा. चारुदत्तचा स्वभाव असा, की नोंदीशिवाय त्याला चैन नाही. म्हणून त्याने चिपला एक घड्याळ जोडलं. बटण कधी दाबलं, किती वेळा दाबलं, ते सगळं आत लिहून राही, आणि सेल संपला तरी पुसलं जात नसे. हे त्याने दोघींना मोठ्या अभिमानाने समजावून सांगितलं.

"म्हणजे बैलाच्या गळ्यात घंटा बांधतोयस," ताई म्हणाली. "बरं, तो आवाज तरी चांगला ठेव. आमच्या मालिकेचं शीर्षकगीत नाही का घालता येत?"

"ताई, हा संकटाचा भोंगा आहे. नाटकाची तिसरी घंटा नाही."

पण झालं तेच. गणपतीला चारुदत्त आणि सावनी ताईकडे गेले होते. दुपारी चार वाजता ताईने शांतपणे बटण दोनदा दाबलंन, आणि दोन मिनिटांत वहिनी हात पुसत हजर. "चहा झालाय वाटतं," त्या म्हणाल्या. मेपासून रोज हेच चाललं होतं. सावनी हसत सुटली. चारुदत्त मात्र संतापला. बहिणीवर तो असा कधी संतापला नव्हता. वहिनी घरी गेल्यावर त्याने ताईला पडवीत गाठून सुनावलं. "हे खेळणं आहे का? रोज वाजला तर खरोखर लागेल तेव्हा कोण धावेल? लांडगा आला रे आला ही गोष्ट तूच शिकवायचीस ना मुलांना? संकटाशिवाय या बटणाला हात लावायचा नाही. शपथ आहे तुला माझी." ताई शाळेत उशिरा आलेल्या पोरासारखी मान खाली घालून उभी राहिली. चारुदत्तला तेव्हाच कसंतरी झालं होतं, पण आपलं म्हणणं बरोबर आहे या समाधानात ते विरून गेलं. आणि म्हणणं बरोबर होतंही, हीच तर पंचाईत.

दसरा झाल्यावर तिसऱ्या दिवशी, परतीच्या पावसात, दुपारी चारच्या सुमाराला ताई मागच्या दाराशी कोसळली. दिवेलागणीला तिच्या तुळशीपुढे दिवा दिसेना, म्हणून वहिनी बघायला आल्या. तोवर सगळं संपलं होतं.

भोंगा वाजला नव्हता.

का वाजला नव्हता, हे चारुदत्तला त्याच संध्याकाळी कळलं. वहिनी ताईच्या पायाशी बसून एकच वाक्य म्हणत होत्या. "मीच मेन पाडला वो, भावोजी. ढग वाजले नि मी मेन पाडला."

आपल्याकडे वीज चमकू लागली की मेन स्विच पाडतात. टीव्हीची वायर काढतात, मोबाइल बंद करून गुंडाळून ठेवतात, आणि अंधारात बसून राहतात. हे कुणी कुणाला शिकवत नाही. लहानपणी चारुदत्तच्या घरी स्टुलावर चढून मेन पाडण्याचं काम त्याचंच होतं, आणि त्या खटक्याचा त्याला केवढा रुबाब वाटायचा. तरी भोंग्याचा डबा करताना हे त्याच्या डोक्यात आलं नाही. ताईच्या साबणदाणीत त्याने सेल घातला, कारण ती पदराला बांधायची होती. वहिनींकडच्या डब्यात घातला नाही, कारण वहिनींकडे मुलाने नवाकोरा इन्व्हर्टर बसवला होता, लाइट गेली तरी डबा चालू राहणार होता. त्याच मुलाने आईला बजावलं होतं, की वीज चमकली की इन्व्हर्टरसुद्धा बंद करायचा, महागाची वस्तू आहे. वीज जाते हे चारुदत्तने धरलं होतं. माणसं हाताने वीज घालवतात, हे धरलं नव्हतं. एका सेलची गोष्ट. त्याच्या खणात असे वीस सेल पडले होते.

ताईच्या पदराची साबणदाणी कुणीतरी सोडून खिडकीत ठेवली होती. ताई सापडली तेव्हा तिचा हात बटणावर होता का, हे वहिनींना आठवत नव्हतं. चारुदत्तने ती खिशात घातली, घरी आणली आणि खणात टाकली.

तेराव्याला वहिनी जेवायला आल्या नाहीत. दोन दिवसांनी त्यांचा सावनीला फोन आला. "भावोजींना एक विचारा. ताईंनी ते बटण दाबलं व्हतं की नाय, एवढंच मना सांगा म्हणावं. त्या डबीत लिवलेला असतो ना?"

सावनीने निरोप दिला. चारुदत्त "बघतो" म्हणाला आणि बघितलं नाही. दुसऱ्याच दिवशी परत फोन आला. मग दिवाळी आली. यंदा घरात कंदील नव्हता. भाऊबीजेच्या दिवशी तो सकाळीच कॉलेजात गेला, सुट्टी असताना, आणि कपाटातले सगळे मीटर काढून पुसत बसला. शिपायाने विचारलं तर म्हणाला, बुरशी धरते.

त्याची अडचण अशी होती. आत शून्य असेल, तर ताईने बटणाला हात लावला नाही तो त्याने घातलेल्या शपथेमुळे. एवढीशी कळ आली म्हणून काय भोंगा वाजवायचा, चारू रागावेल, असं म्हणत ती पडून राहिली असेल. आणि आत आकडा असेल, तर तिने दाबलं आणि त्याच्या विसरलेल्या सेलमुळे ते कुणाला ऐकू गेलं नाही. दोन्हीकडून फास त्याच्याच गळ्याला लागत होता. न उघडलेल्या खणात निदान दोन्ही गोष्टी अर्ध्याअर्ध्या होत्या.

आणि वहिनींचं काय? मेन पाडणारा हात त्यांचा. आकडा सांगितला तर त्या बाईने उरलेलं आयुष्य त्या एका खटक्याखाली काढायचं. शून्य सांगून टाकावं, असंही त्याच्या मनात येई. एवढासा शब्द. कोण तपासणार होतं? पण वहिनींना वाचवणारं ते खोटं त्यालाही वाचवणार होतं, आणि तिथेच त्याची जीभ अडखळे.

नोव्हेंबरच्या शेवटी एका रविवारी सावनी पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "वहिनींचा आज परत फोन होता. काही बोलल्या नाहीत. 'जेवलात का' एवढंच विचारलंन आणि ठेवला." मग लाटणं थांबवून त्याच्याकडे न बघता म्हणाली, "अहो, तुम्हाला भीती वाटते हे मला कळतं. पण तिकडे ती बाई रोज फोनपाशी बसते हो."

चारुदत्त उठला. गॅलरीत जाऊन खण उघडला. साबणदाणीच्या कडेला हळदीचा डाग होता, तो त्याने पूर्वी पाहिला नव्हता. झाकण काढलं, पिवळ्या दोन वायरी सोडवल्या, चिप कॉम्प्युटरला जोडली. मुलांना रीडिंग घेताना हात स्थिर ठेवा म्हणून सांगणाऱ्या त्या माणसाला वायर लावायला तीन खेपा लागल्या.

पडद्यावर तारखा उतरू लागल्या. मे महिन्याची अखेर, चार वाजून दोन मिनिटं, दोनदा. दुसऱ्या दिवशी चारला पाच कमी, दोनदा. जून, जुलै, ऑगस्ट, रोज दोनदा, रोज. एका दिवशी तीनदा, बहुधा त्या मालिकेतल्या सासूचं बिंग फुटलं असावं. हे वाचताना चारुदत्तला हसू आलं आणि आपल्याला हसू आलं याचं त्याला नवल वाटलं. मग गणपती. त्यानंतर एकही नोंद नाही. पूर्ण महिनाभर काही नाही. ताईने आयुष्यात त्याचं ऐकलं ते एवढंच.

मग ती तारीख. चार वाजून एकवीस मिनिटांनी पहिल्यांदा. शेवटचं चार चौतीसला. मध्ये पाच.

सात वेळा. तेरा मिनिटं.

सावनी मागे येऊन उभी राहिली होती. तिने वाचलं. ती त्याच्या खांद्यावर पिठाचा हात ठेवून उभी राहिली. त्याच्या शर्टावर पिठाची बोटं उठली. तो तसाच शर्ट घालून खाली उतरला आणि स्कूटर काढली.

भाट्याच्या पुलावर वारा होता. सगळ्या वाटेत चारुदत्त एकच वाक्य मनात घोळवत होता: चूक तुमची नाही वहिनी, चूक माझ्या डब्याची. ते वाक्य त्याने इतक्या वेळा फिरवलं, की वाडीत पोचेपर्यंत त्याचा अर्थच निघून गेला.

वहिनी ओट्यावर बसल्या होत्या. समोर सुपात कुळीथ होते. निवडताना मध्येच हात थांबला असावा. दीड महिन्यात बाई अर्धी झाली होती. त्याला बघून त्या उठल्या नाहीत. "या," म्हणाल्या, आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या. ओट्यावरून ताईचं बंद घर दिसत होतं. चारुदत्त त्याच्याकडे पाठ करून बसला.

"बघितलंत?" वहिनींनी विचारलं.

"बघितलं." खोटं बोलायची वेळ होती ती हीच, आणि ती गेली. "दाबलं होतं, वहिनी. सात वेळा."

वहिनींचा हात सुपातच राहिला.

चारुदत्त घाईघाईने बोलू लागला. "तुमची काही चूक नाही त्यात. मेन सगळेच पाडतात. मी पाडतो, ताई पाडायची. तुमच्याकडच्या डब्यात मी सेल घालायला हवा होता. तो असता तर मेन पाडलात तरी भोंगा वाजला असता. मी इन्व्हर्टरवर विसंबलो. हे सगळं माझ्यामुळे..."

वहिनी ऐकत नव्हत्या. त्यांच्या तोंडावर त्याला वाटलं होतं तसं काहीच उमटलं नव्हतं. त्यांचे ओठ हलत होते.

"सात वेळा," त्या म्हणाल्या. "मना हाक मारलीनी. ताईंनी मना हाक मारलीनी."

चारुदत्तला काही उमजेना.

"मेन पाडला तो पाडला," वहिनी म्हणाल्या. "त्याचा काय ता देव बघेल. मना दुसराच खात होता, भावोजी. गणपतीपासनं ताईंनी भोंगा वाजवायचा बंद केल्यानी. एक दिवस वाट बघितली. दोन दिवस बघितली. चार वाजले की मी त्या डब्याकडे बघत उभी. नाय वाजला. मना वाटला, मी काय तरी चुकले. गणपतीत तुमी सगळे व्हतात, मी मधीच घुसले, आवडला नसेल. नायतर माझ्या हाताचा मासळीचा वास. मोठी माणसां तुमी. मग मीपण म्हटला, बोलवत नाय तर नाय. मी जायची नाय."

"तुम्ही बोलत नव्हतात?" चारुदत्तने विचारलं. गणपतीनंतर तो दोन रविवार ताईकडे येऊन गेला होता. भोंगा वाजत नाही हे त्याच्या ध्यानात आलं होतं. शिस्त लागली, म्हणून त्याला बरं वाटलं होतं.

"महिनाभर. विहिरीवर दिसल्या तर मी मान फिरवायची. त्यापण गप. त्या दिवशी पाऊस पाच वाजता थांबला. मी मेन चढवला. एरवी असती तर ढग वाजायला लागल्यावरच त्यांच्याकडे धावले असते, ढगाला घाबरायच्या ना त्या. नाय गेले. माझाच तोरा." त्यांनी सूप बाजूला सरकवलं. "तेव्हापासनं एकच डोक्यात. पडल्यावर त्यांना माझी आठवण झाली की नाय? का मरताना पण म्हणाल्या, हिला नको बोलवायला? सगळी म्हणतात, दमयंती, नसेल दाबलां, मनाला लावून घेव नको. त्यांना काय सांगू, मना दाबलेलाच हवा व्हता."

वारा पडला होता. चारुदत्त ओट्याच्या कडेला दोन्ही हात धरून बसला होता. घरून निघताना आपल्या वाट्याला काय आलंय ते सगळं मोजून झालं, असं त्याला वाटलं होतं. एक सेल, तेरा मिनिटं. त्या तेरा मिनिटांचं वहिनींनी विचारलं नाही, आणि त्याने ती स्वतःपाशीच ठेवली. पण हे दुसरं ठेवून घेण्यासारखं नव्हतं. वहिनींना अजूनही वाटत होतं की ताईने त्यांना महिनाभर टाकलं होतं आणि शेवटच्या घटकेला परत घेतलं.

"वहिनी," तो म्हणाला. "ताईने तुम्हाला टाकलं नव्हतं. तिला मी बंदी केली होती. चहासाठी भोंगा वाजवायचा नाही, म्हणून शपथ घातली होती मी, गणपतीत. तुम्ही घरी गेल्यावर. फार बोललो तिला. तिला तुमच्याशी ते बोलायला लाज वाटली असेल. धाकट्या भावाने झापलंन, हे कसं सांगणार ती?"

वहिनी त्याच्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांसमोरून तो महिना दिवसादिवसाने जात असावा, चार वाजता गप्प राहिलेला भिंतीवरचा डबा, विहिरीवरची फिरवलेली मान. चारुदत्त वाट बघत होता, त्या आता ओरडतील, चालते व्हा म्हणतील. ते त्याने ऐकून घेतलं असतं.

"मग तेव्हाच मनापण सांगायचंत ना, भावोजी," वहिनी हळूच म्हणाल्या. "चाळीस पावलांवर तर व्हते मी."

चारुदत्त मान खाली घालून बसून राहिला. वहिनींनी पदर तोंडाला लावला आणि दीड महिन्यात पहिल्यांदा त्या मोठ्याने रडल्या.